जलरंग आणि खोटी साक्ष

उज्जैनच्या आसपासच्या लहान रेल्वे-स्थानकांवर एक पुस्तक काढावे, त्यातील सर्व चित्रे जलरंगांत असावीत आणि मजकूर आम्ही लिहावा, असा प्रस्ताव येथील काही स्नेह्यांनी आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही तो आनंदाने स्वीकारला होता. आज त्याच पुस्तकातून आम्ही आमचा मजकूर परत मागून घेतला आहे. स्नेह्यांशी झालेला बेबनाव चव्हाट्यावर मांडण्याची आम्हांला हौस नाही, आणि म्हणून कोणाचेही नाव आम्ही येथे घेणार नाही. परंतु वादाचा मुद्दा खासगी नाही. आज गावोगावी जुन्या वास्तूंची, जुन्या बाजारांची, जुन्या स्थानकांची चित्रमय पुस्तके निघत आहेत, आणि जी चूक आमच्या पुस्तकात होत होती ती त्यांतील पुष्कळांत होत असते. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिले चित्र तयार होऊन आले, ते पाहून आम्हीही इतरांबरोबर 'वाहवा' म्हटले, हे आधीच कबूल केलेले बरे. पावसाळी आभाळ, ओला चकचकीत फलाट, कडेला डेरेदार कडुनिंब, कौलारू छपराखाली पिवळसर उजेड, आणि दुरून येणारे वाफेचे इंजिन! चित्रकाराच्या हाताविषयी आमची आजही तक्रार नाही. ओल्या कागदावर रंग सोडून आभाळ भरावे कसे, हे तो उत्तम जाणतो. ते चित्र घेऊन आम्ही, मजकुरासाठी थोडी माहिती मिळावी या हेतूने, त्याच स्थानकावर आयुष्य काढलेल्या एका निवृत्त सांधेवाल्याकडे गेलो.

त्याने चष्मा पुसला, चित्र बराच वेळ न्याहाळले आणि प्रथम झाडाची स्तुती केली. मग फलाटाच्या कडेवर बोट ठेवून तो आपल्या माळवी बोलीत म्हणाला, "वकीलसाहेब, हा फलाट उंच आहे. लाईन मोठी झाली तेव्हा हा बांधला. त्याआधी फलाट जमिनीलगत होता. म्हाताऱ्या बायकांना आम्ही हात देऊन डब्यात चढवीत होतो. वाफेचे इंजिन होते तेव्हा हा फलाट नव्हता, आणि हा फलाट झाला तेव्हा इंजिन कधीचे गेले होते." थोडे थांबून त्याने विचारले, "आणि विजेच्या तारा कुठे गेल्या?" आम्ही निरुत्तर होतो. शेवटी त्याने चित्राच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिले. सांध्यांचा दांडा जेथे होता, जेथे तो ऊन-पावसात उभा राहत असे, तेथे चित्रकाराने ते सुंदर झाड लावले होते. त्याविषयी तो काही बोलला नाही. चित्र त्याने दोन्ही हातांनी आम्हांला परत दिले.

घरी येऊन आम्ही चौकशी केली. चित्रकार त्या स्थानकावर कधी गेलाच नव्हता. कोणी तरी मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र त्याला पाठविण्यात आले होते. तारा आणि खांब 'डोळ्यांना खुपतात' म्हणून गाळावेत अशी सूचना होती. इंजिन दुसऱ्याच कुठल्या चित्रावरून घेतले होते. आणि झाड कोपरा रिकामा दिसू नये म्हणून आले होते. आम्ही वकील आहोत. एकाच दस्तात दोन वेगळ्या काळांच्या शाया दिसल्या की त्या दस्ताला काय म्हणावे, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. तेव्हा आम्ही तो शब्द बैठकीत उच्चारला, आणि भांडण तेथेच सुरू झाले.

दाव्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वी न्यायालयाला मुद्दे काढावे लागतात. येथे मुद्दा एकच आहे. अशा पुस्तकातील जलरंगचित्र ही मजकुराची शोभा आहे, की साक्ष? शोभा असेल तर आमची तक्रार फेटाळण्यास योग्य आहे. कारण शोभेला खरेखोटेपणा नसतो. लग्नाच्या मांडवावरील केळीचे खांब त्याच जागी उगवले होते काय, असे कोणी विचारीत नाही. परंतु चित्राखाली जर स्थानकाचे नाव छापावयाचे असेल, तर ते चित्र 'हे असे होते' असे वाचकाला सांगत असते. ते सांगणे ही साक्षच आहे, आणि साक्षीला जे नियम लागतात ते त्याला लागलेच पाहिजेत.

ही स्थानके तरी अशी कोणती मोठी, असे कोणी विचारील. उज्जैन जंक्शन सर्वांना माहीत आहे. महाकाळेश्वराच्या दर्शनाला येणारे लक्षावधी लोक तेथे उतरतात. ते मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी हे कोकणच्या सारस्वत घराण्यातले होते, याची आठवण या मासिकाच्या कोंकणी वाचकांना करून द्यावयास नको. पण आमचे पुस्तक जंक्शनवर नव्हते; जंक्शनपासून फुटणाऱ्या वाटांवरील लहान स्थानकांवर होते. भोपाळकडे जाणारी वाट ग्वाल्हेर आणि भोपाळ या दोन दरबारांच्या पैशाने १८९६ च्या सुमारास तयार झाली. तिच्यावर पिंगळेश्वर आहे. उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेतील चार द्वारपाळांपैकी पूर्वेचा द्वारपाळ तो हाच. वैशाखाच्या उन्हात ११८ किलोमीटरांची ती यात्रा पायी करणाऱ्यांचा पहिला मुक्काम येथे पडतो. पुढे ताजपूर, आणि तराना रोड. या 'रोड' शब्दात, गाव दूर आहे, येथून फक्त सडक निघते, अशी प्रामाणिक कबुली आहे.

दुसऱ्या वाटेवर चिंतामण गणेश. चैत्रातल्या बुधवारी तेथे जत्रा भरते, आणि माळव्यातले लोक लग्नाची पहिली पत्रिका या गणपतीपुढे ठेवतात. त्याच वाटेच्या टोकाला फतेहाबाद चंद्रावतीगंज. १६५८ साली धर्मतच्या रणात औरंगजेबाने जसवंतसिंहाचा पराभव केला, त्या विजयाचे नाव या गावाला चिकटले, आणि शेजारच्या गावाचे नाव त्याला जोडून स्थानकाची पाटी लांब झाली. नागद्याच्या वाटेवर नईखेडी आणि उन्हेल आहेत. देवासच्या वाटेवर विक्रमनगर आहे. या पाट्यांत देव आहे, लढाई आहे, राजाचे नाव आहे आणि नुसती सडकही आहे. प्रदेशाचा इतिहास वाचावयाला याहून सोपी बाराखडी आम्हांला तरी ठाऊक नाही.

ही बाराखडी झपाट्याने पुसली जात आहे, म्हणून तर पुस्तकाची घाई. उज्जैन-फतेहाबाद हा मीटरगेजचा तुकडा एकोणिसाव्या शतकातला. तो २०१४ साली बंद झाला, आणि रुंद होऊन, विजेच्या तारा अंगावर घेऊन, २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाचा पाया एका दिवशी घालण्यात आला. उज्जैनला २०२८ साली सिंहस्थ आहे, आणि सिंहस्थापूर्वी या नगरीत जी बांधकामे होतात ती मागे वळून पाहण्यास कोणाला सवड देत नाहीत. आम्ही या बदलांच्या विरुद्ध नाही. उंच फलाटामुळे म्हाताऱ्या बायकांना आता कोणाचा हात धरावा लागत नाही, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे एवढेच की जे जाणार आहे त्याची साक्ष खरी असावी, आणि जे आले आहे त्याचीही.

आता प्रतिपक्षाची उत्तरे एकेक पाहू.

पहिले उत्तर असे की, सत्यच हवे असेल तर छायाचित्र पुरे. जलरंगाचा हट्ट कशाला? हे उत्तर दिसते तितके पोकळ नाही, आणि आम्ही त्याचा मान राखतो. मोजमापासाठी, खिडक्या किती आणि कमानी किती हे ठरविण्यासाठी, छायाचित्रच श्रेष्ठ. पण १९४० साली, बॉम्बवर्षावाच्या छायेत, इंग्लंडमध्ये केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने 'रेकॉर्डिंग ब्रिटन' नावाची योजना सुरू झाली, तिचे उदाहरण पाहावे. नष्ट होण्याच्या भीतीतील गावे, रस्ते, देवळे, गिरण्या यांची नोंद चित्रकारांकडून करून घ्यावयाची होती. १,५०० हून अधिक चित्रे झाली, त्यांतील बहुतेक जलरंगांत, आणि ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्या काळी तेथे कॅमेरे नव्हते असे नाही. इमारतींची छायाचित्रे जमविणारी वेगळी संस्था १९४१ साली तेथेच सुरू झाली. दोन्ही कामे शेजारी शेजारी चालली, कारण ती दोन वेगळी कामे आहेत.

फरक कशात आहे? छायाचित्र क्षणात निघते. जलरंगाला बसावे लागते. फलाट-तिकिटाची मुदत दोन तासांची असते, आणि एका जलरंगचित्राला साधारण तेवढाच वेळ लागतो, हा योगायोग आम्हांला फार आवडतो. त्या दोन तासांत एक पॅसेंजर येते आणि जाते, एक मालगाडी न थांबता निघून जाते, सावली भिंतीवरून खाली उतरते, चहावाला येऊन विचारतो की हे काय चालले आहे, आणि मग तो सांगू लागतो की येथे पूर्वी काय होते. मे महिन्यात माळव्याच्या कोरड्या हवेत रंगाचा वॉश कागदावर पसरण्याआधी वाळतो आणि कडा कठीण उमटतात. श्रावणात तो वाळतच नाही आणि आभाळ भिंतीत उतरते. म्हणजे ज्या हवेत ते स्थानक उभे आहे ती हवा चित्रकाराच्या संमतीवाचून चित्रात येऊन बसते. हे कॅमेऱ्याला साधत नाही. आणि जो चित्रकार घरी, पंख्याखाली बसून, स्थानक न पाहता ते रंगवितो, त्यालाही साधत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्याला आमच्या भाषेत जे मोल आहे, तेच या उद्योगाला द्यावे लागेल.

प्रत्यक्ष पाहणाऱ्या चित्रकाराचा डोळा काय करू शकतो, याचे उदाहरण शोधावयास उज्जैनकराला दूर जावे लागत नाही. विष्णु श्रीधर वाकणकर हे याच नगरीत राहिले. चित्रकार होते, आणि पुरातत्त्वज्ञ होते. १९५७ च्या सुमारास भोपाळकडे जाताना आगगाडीच्या खिडकीतून त्यांना काही टेकड्या दिसल्या. फ्रान्स-स्पेनमधल्या चित्रगुहांच्या परिसराशी त्यांचे साम्य आहे असे त्यांना वाटले. हजारो प्रवासी रोज त्या खिडकीतून तेच पाहत होते. वाकणकर पुढे त्या टेकड्यांपर्यंत पायी पोहोचले, आणि भीमबेटका जगाला ठाऊक झाले. २००३ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. तेथील शैलचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी खडकासमोर बसून, स्वतःच्या हाताने केल्या. इंदूरला १९२७ साली देवळालीकरांनी जी चित्रशाळा काढली आणि जिच्यातून बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर बाहेर पडले, तिचीही शिस्त उघड्यावर जाऊन चित्र काढण्याचीच होती. तेव्हा 'चित्रकाराने जागेवर जावे' ही अट आम्ही परदेशातून आणलेली नाही. ती या मातीतली आहे.

दुसरे उत्तर सौंदर्याचे. तारा कुरूप, खांब कुरूप, निळी प्लास्टिकची पिंपे कुरूप. वाचक हे पैसे देऊन कशाला विकत घेईल? या उत्तरामागे एक गैरसमज आहे, तो असा की सुंदर म्हणजे जुने, आणि जुने म्हणजे धुराचे इंजिन. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. १८७७ साली पॅरिसच्या सें-लाझार स्थानकात क्लोद मोने तैलरंग घेऊन उभा राहिला, आणि एकाच स्थानकाची बारा चित्रे त्याने केली. त्या काळच्या अभिरुचीला स्थानकातला धूर आणि लोखंड ही चित्राची वस्तूच वाटत नव्हती. आज आम्ही ज्या धुराला 'सुंदर' म्हणतो तो त्या दिवसाचा कुरूपपणा होता. आजच्या तारा म्हणजेच त्या काळचा धूर. मोनेने धूर पुसला असता तर त्याच्या चित्रांत काय उरले असते? ज्याला तारांत सौंदर्य दिसत नाही त्याने तारा गाळू नयेत; दिसेपर्यंत बसून राहावे. मावळतीला त्या तारांवर जो तांबूस उजेड सरकत जातो तो उन्हेलच्या शिवारात आम्ही स्वतः पाहिला आहे. चित्रकला आम्हांला येत नाही. पण डोळे आहेत.

शिवाय जलरंग हे माध्यमच खोटेपणाला नाराज आहे. त्यात पांढरा रंग लावावयाचा नसतो. पांढरे म्हणजे कोरा सोडलेला कागद. फिकटाकडून गडदाकडे जावे लागते, आणि एकदा लावलेला गडद रंग पुसून मागे येता येत नाही. शपथेवर दिलेल्या जबानीचाही असाच स्वभाव असतो. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे दीपधारी स्त्रीचे जे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ते पाहून लोक क्षणभर दिवा खराच पेटला आहे असे समजतात. ते जलरंग आहे. ती किमया हळदणकरांनी दिव्याला सजवून साधली नाही; खऱ्या दिव्याचा उजेड हातावर, बोटांच्या फटींतून, पदरावर कसा पडतो हे पाहून साधली. कोकणातल्या या माणसाने जो धडा घालून दिला तो आपण विसरावा काय?

तिसरे उत्तर सर्वांत ताजे आणि सर्वांत निर्लज्ज आहे. बैठकीत एकाने सांगितले की आता चित्रकाराचीही गरज नाही. संगणकाला स्थानकाचे नाव सांगावे, 'जलरंग' म्हणावे, आणि मिनिटात तीस चित्रे घ्यावीत. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. हा लेखही यंत्रावरच जुळविला जाईल. पण १८७२ च्या साक्ष अधिनियमाचे साठावे कलम असे की, पाहण्याजोग्या वस्तुस्थितीविषयी तोंडी पुरावा द्यावयाचा असेल तर तो 'मी पाहिले' असे म्हणणाऱ्यानेच द्यावा. तो अधिनियम १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला; तत्त्व मात्र तसेच राहिले, कारण त्यावाचून न्यायच चालत नाही. संगणकाने पिंगळेश्वर पाहिलेले नाही. त्याला विचारले की, हातपंप डाव्या बाजूला की उजव्या, तर तो दोन्हीकडे काढून देईल. ज्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, तो साक्षीदार नव्हे.

यावर आमच्या चित्रकाराच्या बाजूने एक न्याय्य प्रश्न आला, आणि त्याला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. चित्रकार गरीब असतो, पाऊस असतो, गाडीच्या वेळा अडनिड्या असतात. मग छायाचित्राची मदत मुळीच घेऊ नये काय? घ्यावी. त्याच जुन्या अधिनियमात याचेही उत्तर होते. प्रतीवरून केलेली प्रत नंतर मुळाशी ताडून पाहिली असेल तर ती दुय्यम पुरावा म्हणून ग्राह्य होते; ताडून पाहिली नसेल तर होत नाही. एवढेच आम्ही मागत आहो. घरी बसून केलेले चित्र घेऊन चित्रकाराने एकदा त्या फलाटावर उभे राहावे, चित्र आणि स्थानक शेजारी धरून पाहावे, आणि जे खोटे आढळेल ते टाकून द्यावे. ही अट कठोर आहे असे ज्याला वाटते, त्याने स्थानकांऐवजी परीकथा रंगवाव्यात. त्यांतही मोठा आनंद आहे.

आता जे स्थानक उरलेच नाही त्याचे काय? उज्जैनहून आगरला जाणारी नॅरोगेज गाडी १९३२ साली सुरू झाली आणि १९७५ साली बंद पडली. पुढे रूळही काढून नेण्यात आले. आगर-माळवा हा २०१३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, पण त्याच्या मुख्य गावी आज आगगाडी नाही. उज्जैनच्या जुन्या घरांतून त्या लहानग्या गाडीच्या गोष्टी अजून ऐकू येतात. आमच्या पुस्तकात तिच्यासाठी चार पाने राखली होती, आणि त्यांवर कल्पनेने गाडी रंगवावी असा आग्रह होता. आमचे मत वेगळे होते आणि आहे. चित्रकाराने आगर रस्त्यावर जावे, जेथे रूळ होते असे म्हातारे दाखवितात तेथे बसावे, आणि आज तेथे जे आहे ते रंगवावे. काळी जमीन असेल तर काळी जमीन, सोयाबीन असेल तर सोयाबीन, दुकान असेल तर दुकान. खाली स्थानकाचे नाव आणि दोन सने छापावीत. म्हाताऱ्यांच्या आठवणी शेजारच्या पानावर त्यांच्याच शब्दांत, आठवणी म्हणून, याव्यात. गेलेली वस्तू गेली आहे हे दाखविणारे चित्र खोट्या इंजिनापेक्षा वाचकाच्या मनाला अधिक लागेल, असा आमचा विश्वास आहे.

केवळ खंडन करून थांबणे आम्हांला शोभणार नाही. म्हणून आमच्या मागण्याही स्पष्ट सांगतो. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि चित्रकार कोठे बसला होता ते छापावे. ज्या नगरीतून प्राचीन ज्योतिषी रेखांश मोजीत, तिने आपल्या चित्रांवर वेळ घालण्याचा कंटाळा करू नये. काही गाळले असेल तर मजकुरात तसे सांगावे. प्रत्येक स्थानक निदान दोन ऋतूंत रंगवावे, कारण माळव्याचा वैशाख आणि माळव्याचा श्रावण यांना एका चित्रात बसविता येत नाही. कागद सुती असावा आणि उजेडात विटणारे रंग टाळावेत, नाहीतर साक्षीदार पुस्तकाआधी मरेल. छपाईत पातळ वॉश उडून जातात, म्हणून छापखान्यातील प्रत मूळ चित्राशेजारी ठेवून तपासावी. पुस्तक निघाल्यावर मूळ चित्रे कोणाच्या दिवाणखान्यात न जाता उज्जैनच्याच एखाद्या सार्वजनिक संस्थेत राहावीत. आणि चित्रकाराला मजकूर लिहिणाऱ्याहून अधिक मानधन द्यावे. तो उन्हात बसतो, आम्ही सावलीत.

हा प्रश्न एकट्या उज्जैनचा नाही. मुरगाव बंदरापासून मडगाव, चांदर, सावर्डे, कुळेपर्यंत जाऊन घाट चढणारी वाट पोर्तुगीज अमदानीत मीटरगेजने सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस रुंद झाली. आज तिच्या दुपदरीकरणाचा वाद गोमंतकात गाजतो आहे. तो वाद ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे लढावा. पण त्या वाटेवरची स्थानके, फाटके, माडांमधून दिसणारे सिग्नल, हे सर्व जसे आहे तसे रंगवून ठेवणारा कोणी तरी तेथे आज बसला आहे काय? नसेल तर उद्या तेथेही दूधसागराच्या धुक्यातून वाफेचे इंजिन आणणारी सुंदर, खोटी पुस्तके निघतील, आणि नातवंडे ती खरी मानतील. कारण खोटी साक्ष देणारा मरून जातो, पण दस्त राहतो.

आमच्या पुस्तकाचे काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. कदाचित दुसऱ्या कोणाच्या मजकुरासह ते निघेल, आणि खपेलही. आम्हांला त्याचा राग नाही. परंतु ज्या सांधेवाल्याच्या जागी झाड उभे केले गेले त्याच्यासमोर ते पुस्तक धरण्याचे धैर्य आमच्यात नाही, आणि ज्या पुस्तकावर आमचे नाव आहे ते ज्यांच्याविषयी आहे त्यांना दाखविता येऊ नये, ही नामुष्की आम्ही पत्करणार नाही. उज्जैनमध्ये कोणी जलरंगाचा अभ्यासू तरुण अगर तरुणी असेल, आणि चिंतामण गणेशच्या किंवा ताजपूरच्या फलाटावर दोन तास बसण्याची तयारी असेल, तर त्याने किंवा तिने आम्हांला कळवावे. फलाट-तिकीट आम्ही काढू. पाण्याचे भांडे आणि छत्री धरावयासही आम्ही येऊ.